तारीख न घातलेला डबा

भाऊंनी तारीख घातली नाही अशी वस्तू आमच्या बिऱ्हाडात शोधूनही सापडली नसती. दुधाच्या खोक्यावर तारीख, अंड्यांच्या ट्रेवर तारीख, डाळीच्या डब्यावर तारीख. शर्टाच्या खिशाला कायम एक काळा मार्कर अडकवलेला आणि त्या खिशाच्या तळाशी शाईचा एक डाग, जो कुठल्याच साबणाला दाद देत नसे. एकदा त्यांनी नव्या झाडूच्या दांड्यावर तारीख लिहिली. उस्मानचाचांनी विचारलं, हा झाडू नासणार आहे की काय? भाऊ गंभीरपणे म्हणाले, "नासणार नाही जी, पण किती दिवस टिकला ते कळायला तर पाहिजे ना." पुढे तो झाडू अकरा महिने टिकला आणि ही गोष्ट त्यांनी आम्हाला दोनदा ऐकवली.

ही खोड त्यांना नोकरीतून लागली होती. भाऊ बहारीनमध्ये मनामाच्या एका मोठ्या इस्पितळात लॅब टेक्निशियन होते. रोग्यांच्या अंगातले जंतू झाकणाच्या लहान बशांमध्ये वाढवायचे आणि कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहायचं, हे त्यांचं काम. शेकडो बशा, सगळ्या दिसायला सारख्या. म्हणून प्रत्येक बशीवर रोग्याचं नाव आणि तारीख. "नाव नाही, तारीख नाही, ती बशी कचरा," हे वाक्य ते लॅबमध्ये रोज म्हणत असावेत, कारण घरी तर ते भाजीच्या उरलेल्या वाटीबद्दलही म्हणत.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती ती. आम्ही मआमीरला एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. वारा फिरला की सित्राच्या कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. उस्मानचाचा रत्नागिरीकडचे, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. मी म्हसळ्याचा, त्याच वर्कशॉपमध्ये क्लार्क. भाऊ नागपूरचे. त्यांना इस्पितळाची खोली मिळाली होती, पण एका शुक्रवारी ते कुणाबरोबर तरी आमच्याकडे जेवायला आले, चाचांच्या हातचं सुरमईचं कालवण खाल्लं आणि पुढच्या शुक्रवारी ट्रंक घेऊनच हजर झाले. चौदा एप्रिलला भाऊंची सुट्टी पक्की असायची आणि त्या दिवशी चाचा खीर करायचे. ईदला भांडी घासायचं काम भाऊ कुणाला करू देत नसत. सकाळी आम्ही त्यांना जयभीम घालायचो आणि ते आम्हाला सलाम. हा क्रम कधी ठरला ते आठवत नाही.

एवढ्या तारखा घालणाऱ्या या माणसाच्या ताब्यात बिऱ्हाडातली एक वस्तू मात्र बिनतारखेची होती. तो होता बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आम्ही त्याला 'दवाखाना' म्हणायचो आणि म्हणून भाऊंना 'डागदर'. गावाकडे सुट्टीवर जाणारा प्रत्येक जण परतताना सुकी मासळी, पापड आणि गोळ्या घेऊन यायचा. गावच्या केमिस्टकडे चिठ्ठी लागत नसे. नुसतं 'पोटाची द्या, तापाची द्या' म्हटलं की तो पाकिटं काढून ठेवी. इथे आल्यावर सगळं त्या डब्यात. पाकिटं लांब पडायची, म्हणून कुणीतरी ती कात्रीने कापून आत कोंबलेली. कापताना नावाचा अर्धा भाग जायचा आणि मुदतीची तारीख हमखास जायची. हे कुणाला कधी खटकलं नाही, भाऊंनाही नाही.

हा दवाखाना भाऊ मोठ्या मायेने चालवत. उन्हाळ्यात आम्हाला जुलाब व्हायला निमित्त लागत नसे. कँटीनचं बिर्याणीचं पातेलं पुरे व्हायचं. मी पोट धरून बसलो की भाऊ डबा उघडत, दोन गोळ्या तळहातावर ठेवत, पाण्याचा ग्लास स्वतः आणत आणि म्हणत, "घे बाप्पा. जुलाब थांबले की गोळी बंद. उगाच पोटात औषध कशाला जिरवायचं?" उरलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात जायच्या, पुढच्या माणसासाठी. गोळी कडू आणि वर एक विचित्र चव, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. पण सकाळपर्यंत माणूस कामावर जाण्याजोगा व्हायचा. शेजारच्या घरातली माणसंही भाऊंना शोधत यायची. कुणाला बरं वाटलं की भाऊंचा चेहरा फुलायचा. दिवसभर बशीतल्या जंतूंशी गाठ असलेल्या माणसाला संध्याकाळी जिती माणसं बरी करण्याचं सुख मिळत होतं, आणि आम्हाला त्यांचं ते सुख बघायला आवडायचं.

माझं पोट बहारीनला आल्याच्या चौथ्या वर्षी बिघडलं. आधी जळजळ, मग रिकाम्या पोटी कळ, मग एके दिवशी ऑफिसच्या संडासात काळं पडलं आणि मी चक्कर येऊन दारावर आपटलो. अल्सरमधून रक्त गेलं होतं. एका वर्षात तिसऱ्यांदा सिक लीव्ह. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याने साफ सांगितलं की व्हिसा रिन्यू व्हायला चार महिने आहेत, तोवर धडधाकट हो, नाहीतर खलास, घरी जा. घरी म्हसळ्याला माझी बायको जुबेदा होती आणि तीन वर्षांची सना, जिला बाप म्हणजे टेपरेकॉर्डरमधून येणारा आवाज एवढंच माहीत होतं. त्या दोघींना इथे आणायचं मी दोन वर्षं मनात धरून बसलो होतो. ते सगळं आता माझ्या पोटावर अवलंबून होतं.

भाऊंनी मला त्यांच्या इस्पितळात नेलं. तिथल्या पोटाच्या डॉक्टरीणबाई बहारिनी, हिंदी चांगलं बोलत. त्यांनी नळी घालून आत पाहिलं आणि सांगितलं की दोष मिरचीचा नाही की काळजीचाही नाही, पोटात एक जंतू घर करून बसलाय. ही गोष्ट तेव्हा नवीनच होती. चाचांना तर ती पटलीच नाही. जिथे सुरमईचा काटा विरघळतो तिथे जंतू कसा जगेल, असं त्यांचं म्हणणं. मी घाबरलो होतो. भाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे, हा घरोघरी असतो. माझ्याही पोटात असेल, चाचांच्याही. बहुतेकांना काही करत नाही, नुसता बसून राहतो. तुझ्या पोटात त्यानं भांडण काढलं, एवढंच."

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी विचारलं होतं, यापूर्वी कधी अँटिबायोटिक घेतलंय का? मी नाही म्हटलं. अल्लाची शपथ, मी खोटं बोललो नव्हतो. अँटिबायोटिक म्हणजे इस्पितळातलं औषध, इंजेक्शन, मोठा आजार, अशी माझी समजूत. भाऊ बाजूलाच उभे होते. तेही काही बोलले नाहीत.

त्याआधी थोडेच दिवस भाऊ नागपूरहून सुट्टी संपवून आले होते आणि वहिनींनी मिरचीच्या लोणच्याची एक बरणी पाठवली होती. मी मिरची सोडून सहा महिने झाले होते. दहीभात खाऊन खाऊन मला भाताचाच राग यायला लागला होता. भाऊंनी मार्कर काढला, बरणीवर माझं नाव, 'इक्बाल', लिहिलं आणि खाली मोकळी जागा सोडली. तारीख? मी विचारलं. "तू बरा झाला की घालू," ते म्हणाले आणि बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली. चाचांनाही तिला हात लावायची मनाई होती. चाचांनी तीन वेळा प्रयत्न केला हे मला माहीत आहे.

पहिल्या औषधाने दोन-तीन आठवडे बरं वाटलं. मग पुन्हा तीच कळ. डॉक्टरीणबाईंना वाटलं, मी गोळ्या अर्ध्यातच सोडल्या असतील, पुष्कळ जण सोडतात. त्यांनी तीच औषधं पुन्हा लिहिली, या वेळी जास्त दिवसांसाठी. व्हिसाला दोन महिने उरले होते.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवून उठलो आणि मी नव्या पाकिटातली पहिली गोळी घेतली. तोंड वाकडं करत मी सहज म्हणालो की इस्पितळाची एवढी भारी गोळी, पण चव मात्र पहिल्यापासूनच आपल्या दवाखान्यातल्या जुलाबाच्या गोळीसारखी, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. चाचा हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटंसुलटं केलं, मग फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि जमिनीवर पालथा केला. कापलेल्या तुकड्यांवरची अर्धी-अर्धी नावं ते जोडून वाचत होते. जुलाबाच्या गोळ्यांच्या कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, आत औषध एकच, आणि माझ्या नव्या पाकिटातही तेच.

"किती वेळा घेतली असशील रे?" त्यांनी विचारलं. मी आठवायला लागलो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी. चार वर्षं. चाचांची तर नऊ वर्षं झाली होती.

"आणि तुला दर वेळी मीच दिली," भाऊ म्हणाले. "दोन. फक्त दोन." मग हळूच म्हणाले, "लॅबमध्ये मी दिवसभर हेच पाहून राहिलो, इक्बाल. औषध थोडं-थोडं मिळालं की जंतू मरत नाही, शिकतो. आणि घरी येऊन मीच त्याची शाळा चालवत होतो."

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. डब्यातली जुलाबाची गोळी म्हणजे अँटिबायोटिकच, हे त्यांना नक्की माहीत होतं. पण लॅब ती लॅब आणि घर ते घर. तिथलं शहाणपण ते चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवत आले होते, आपण सगळेच ठेवतो तसं. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी म्हटलं, भाऊ, हे डॉक्टरीणबाईंना सांगू नका. टेक्निशियन माणूस लोकांना औषधं वाटतो असं कळलं तर तुमची नोकरी जाईल. मी सांगतो हवं तर की गोळ्या मीच आणल्या होत्या.

भाऊंनी डबा पुन्हा भरला, एकेक तुकडा उचलून. "नाव नाही, तारीख नाही, ती बशी कचरा," ते म्हणाले. "इथं नाव माझं आहे."

सकाळी डबा कापडी पिशवीत घालून ते निघाले. मीही रजा टाकून बरोबर गेलो. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी डबा ठेवला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता, उभ्या उभ्या. बाईंनी डब्यातले तुकडे बोटाने बाजूला करून पाहिले. मग विचारलं, असे डबे किती घरांत असतात? भाऊ म्हणाले, "मॅडम, जिथे जिथे आम्ही राहतो, तिथे तिथे." बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, मग इतकी वर्षं मीच चुकीचा प्रश्न विचारत होते.

त्यांनी भाऊंना दोन गोष्टी बजावल्या. आजपासून गोळी वाटणं बंद, आणि हा डबा माझ्याकडे राहील. तक्रार त्यांनी केली नाही. माझं औषध मात्र तिथेच थांबवलं. पुन्हा नळी घालायची, पोटाच्या अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा आणि तो भाऊंनी वाढवून पाहायचा, असं ठरलं. पण त्यासाठी पोटात औषधाचा अंश राहता कामा नये, म्हणून आधी चार आठवडे काही न घेता थांबायला लागलं. ते चार आठवडे मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. चाचा रोज पेज करून द्यायचे आणि मी खाईपर्यंत समोर बसायचे.

तो जंतू मोठा नाजूक आणि नखरेल. उघड्या हवेत मरतो, म्हणून बशी एका बंद बरणीत ठेवायची, अंगाइतक्या उबेला, आणि मग नुसती वाट पाहायची. इतर जंतू रात्रीत वाढतात, हा दिवसचे दिवस दिसत नाही. रोज संध्याकाळी मी दारात उभा असायचो. भाऊ मान हलवायचे, मफी, काही नाही. पाचव्या दिवशी लॅबमधला जोडीदार म्हणाला, टाकून दे, आला नाही. भाऊंनी बशी हलवू दिली नाही. सहाव्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर घरी आले आणि जिन्यातूनच सांगितलं की आला, पाण्याच्या बारीक थेंबांसारखा आलाय. स्वतःच्या पोटातला रोग सापडला म्हणून मी चाचांना मिठी मारली होती.

मग औषधं लावलेल्या कागदी टिकल्या त्यांनी बशीत ठेवल्या. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती मोकळं रिंगण पडतं. जुलाबाच्या गोळीच्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढला होता, रिंगण नावालाही नाही. दुसऱ्या दोन टिकल्यांभोवती मात्र लख्ख मोकळी जागा होती. डॉक्टरीणबाईंनी ती दोन औषधं लिहिली.

भाऊंनी त्या पाकिटांवर, प्रत्येक गोळीच्या मागे, तारीख घातली. सकाळ, संध्याकाळ, सगळ्या दिवसांची. आठव्या दिवशी मला इतकं बरं वाटायला लागलं की मी एक वेळ चुकवून पाहिली. भाऊ कामावरून आले, पाकीट उचललं, आणि ती न काढलेली गोळी बोटाने मला दाखवली. पाणी आणून दिलं आणि मी गिळेपर्यंत उभे राहिले. बरं वाटलं की बंद, असं सांगणारा माणूस आता बरं वाटल्यावरही माझ्यासमोर ग्लास धरून उभा होता. शेवटची गोळी संपली तेव्हा चाचांनी ते रिकामं पाकीट पंख्याच्या दोरीला टांगलं.

व्हिसा रिन्यू झाला, कारण त्या दोन महिन्यांत मी एकदाही सिक लीव्ह घेतली नव्हती. पण नुसतं बरं वाटण्यावर भाऊंचा विश्वास नव्हता. महिनाभराने पुन्हा नळी, पुन्हा तुकडा, पुन्हा बशी. सात दिवस झाले, काही नाही. त्यांनी बशी दहा दिवस ठेवली. अकराव्या दिवशी मला लॅबमध्ये बोलावून दिव्याखाली ती बशी धरली. जंतूंच्या खुराकात मिसळलेल्या रक्ताने लालभडक, स्वच्छ, वर माझं नाव आणि तारीख. मी म्हटलं, भाऊ, हिच्यात काही दिसत नाही. "हेच तर दाखवायला बोलावलं तुला," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी वरच्या फळीवरची बरणी काढली, मोकळ्या जागेत तारीख घातली आणि झाकण उघडून माझ्यापुढे सरकवली. मी एवढी मिरची खाल्ली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तो डबा टेबलावरच ठेवला. नंतर मी दोन-तीनदा ओळखीच्या माणसांना त्यांच्याकडे नेलं तेव्हा पाहिलं, अँटिबायोटिक घेतलंय का असं त्या विचारतच नसत. डबा उघडून विचारत, जुलाब झाल्यावर यातलं काय घेता? केरळचा असो, पंजाबचा असो, नाहीतर आमच्या रत्नागिरीचा, माणूस लगेच बोट ठेवायचा. ज्यांनी बोट ठेवलं त्यांच्या पोटातले तुकडे आधी भाऊंच्या बशीत जायचे आणि मगच औषध लिहिलं जायचं. भाऊंचं काम तिपटीने वाढलं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. शेजारची माणसं पोट धरून आली तर ते त्यांना मीठ-साखरेचं पाणी करून देत आणि गोळी मागितली की स्वतःबरोबर इस्पितळात नेत. 'डागदर' म्हटलेलं मात्र त्यांना आता आवडायचं नाही. चाचांनी तरी सोडलं नाही.

पुढे मला मनामाच्या सीफ भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि जुबेदा आणि सना आल्या. आम्ही हमद टाउनला राहायला गेलो. भाऊ दर शुक्रवारी दोन बस बदलून यायचे. सना इंग्रजी शाळेत जायला लागली होती. भाऊ तिच्याशी नागपुरी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि दोघांचं छान चालायचं. त्यांनी तिला एकच गोष्ट शिकवली. आमच्या फ्रिजमधल्या दुधावर, जॅमवर आणि एकदा माझ्या चपलांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत तारखा दिसू लागल्या.

दशक संपता संपता भाऊंचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. नागपूरला वहिनी थकल्या होत्या, भाऊंनाही घरी जायचं होतं. निघायच्या दिवशी मी, सना आणि चाचा त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. गल्फमधून घरी जाणाऱ्या प्रत्येकाजवळ असतं तसं एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. त्यात गोळी एकही नव्हती, हे त्यांनी मला न विचारताच सांगितलं. खोक्यावर नाव घालायचं राहिलं होतं. भाऊंनी खिशातला मार्कर काढला आणि सनाच्या हातात दिला. तिने जीभ बाहेर काढून मोठ्या अक्षरांत BHAUKAKA असं लिहिलं आणि वर पाहिलं.

"डेट?" तिने विचारलं.

भाऊ तिच्याजवळ खाली बसले. "ती जागा रिकामी ठेव," ते म्हणाले. "तू नागपूरला आली की घालू."

मार्कर तिच्याकडेच राहिला. खोकं पट्ट्यावरून आत गेलं तेव्हा नावाखालची ती मोकळी जागा आमच्या बाजूला होती, आणि सना काचेला नाक लावून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.